भिंगरीची झोप आणि शून्य नंबरची काच

चष्म्याच्या दुकानात येणारी निम्मी माणसं खोटं बोलतात, असं नंबरवाल्यांचं ठाम मत होतं. मुद्दाम नाही बोलत बिचारी. पण खुर्चीत बसवून, नाकावर ती जड चौकट चढवून, एक काच काढून दुसरी घातली आणि "आता बरं दिसतंय का?" असं विचारलं, की माणूस समोरच्या अक्षरांकडे बघायच्या आधी नंबरवाल्यांच्या तोंडाकडे बघतो. तिथं जे उत्तर लिहिलेलं दिसेल ते देऊन मोकळा होतो. मुलांचं तर विचारूच नका. एकीला मैत्रिणीसारखा चष्मा हवा असतो म्हणून तिला जग अंधूक दिसतं, दुसरीला नको असतो म्हणून तिला भिंतीपलीकडचंही दिसतं.

यावर नंबरवाल्यांकडे एक जालीम उपाय होता. शून्य नंबरची काच. खिडकीला असते तशी साधी, बिननंबरी. ती चौकटीत सरकवायची आणि पहिल्याइतकंच गंभीर तोंड करून विचारायचं, "आता?" समोरचा म्हणाला, "वा, आता एकदम स्पष्ट," तर समजायचं की हे गृहस्थ आपल्याला खूश करायला बसलेत. मग सगळ्या काचा काढायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच काच बदलायची. दोन एकदम बदलल्या तर सुधारणा कुणामुळे झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

नाव त्यांचं काही का असेना, सगळा रस्ता त्यांना नंबरवाले म्हणायचा. माणूस चिवट. एकदा एका आजोबांच्या डाव्या डोळ्याचा नंबर जुळेना, तर यांनी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून हैराण केलं. शेवटी आजोबा हात जोडून म्हणाले, "अहो, मला जेवढं दिसतंय तेवढ्यात मी सुखी आहे." पण नंबरवाले सुखी नव्हते. त्यांनी आजोबांना आणखी एकदा बोलावलं आणि नंबर जुळवूनच सोडलं.

एवढा काटेकोर माणूस, पण दुकानाचं शटर खाली ओढताना आपले दोन्ही नियम आत कुलपात ठेवून घरी जायचा. घरी त्याची मुलगी होती.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. नऊ वर्षांची. एका जागी बसून जेवली असेल तर ती तापात असणार, असा घरातला हिशेब. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी आहे असं सांगितलं आणि सकाळी घ्यायची एक गोळी सुरू केली. त्या गोळीनं खरंच फरक पडला होता. पूर्वी पुस्तकाच्या पहिल्या ओळीवरून थेट खिडकीबाहेर उडी मारणारी भिंगरी आता पान संपवायची, वर पुढच्या पानावर काय आहे तेही सांगायची. नंबरवाल्यांनी तिला पहिल्यांदा सबंध गोष्ट वाचताना ऐकलं, तेव्हा चष्मा पुसायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात गेले होते.

पण झोप काही येत नव्हती. गोळीच्या आधीही येत नव्हती, गोळीनंतरही नाही. अंथरुणावर पडली की तिला तहान लागायची. पाणी झालं की शंका यायची. माशांना पापण्या का नसतात, लिफ्ट बंद पडली तर आतला दिवा कोण बंद करतं, असले प्रश्न तिच्याकडे रात्रीसाठी राखीव असत. कधी उशी पायाकडे, कधी डोकं भिंतीकडे. सकाळी उठवताना मात्र तिला अक्षरशः खांद्यावर टाकून न्हाणीघरापर्यंत न्यावं लागायचं. तिची आई बेकरीत कामाला होती, तिची पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची. रात्री मुलीमागे आणि पहाटे भट्टीमागे, असं करून तिचे डोळे कायम तांबारलेले. वरच्या मजल्यावर नंबरवाल्यांची थोरली बहीण राहायची, भिंगरीची आत्या. पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीवर तिची नोकरी. रात्री भाचीच्या पावलांची धपधप तिला वरपर्यंत ऐकू यायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

तलावावर येणाऱ्या आयांकडून आत्याला जगातले सगळे उपाय कळत. कुणाच्या मुलाला मॅग्नेशियमनं झोप लागली होती, कुणाच्या मुलीला माशाच्या तेलानं, कुणाला आणखी कशानं. हे सगळं ती खाली येऊन ओतायची. नंबरवाल्यांना एवढ्या गर्दीत गरगरायला लागलं आणि ते उठून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्या सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या.

"आधी वेळ नीट लावा. रोज एकाच वेळी अंथरूण, आणि त्याआधी तासभर मोबाइल, टीव्ही बंद. निम्म्या घरांत एवढ्यानंच काम होतं."

"आणि हे पूरक औषधांचं?"

"मेलाटोनिननं काही मुलांना लवकर झोप लागते. पण ते मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तेवढंच. मॅग्नेशियमचा उपयोग होतो असं छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. तुम्हाला करूनच बघायचं असेल तर इतकंच द्या, याहून चिमूटभरही जास्त नाही. आणि दुसरं काहीही नाही. नैसर्गिक आहे, वनस्पतीचं आहे, फळाच्या चवीचं आहे, काहीही असो. एका वेळी एकच. आणि जे द्याल ते मला सांगायचं."

नंबरवाल्यांची मान तीनदा हलली. एका वेळी एकच. म्हणजे बाई आपल्याच बिरादरीतल्या निघाल्या. घरी येऊन त्यांनी बायकोला आणि बहिणीला समोर बसवून कडक भाषेत सांगितलं, की मॅग्नेशियमची पूड दुधातून, एक चमचा, बस्स. दोघींनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या, नंबरवाल्यांनीही डोलावली. त्या घरात तिघांनी एकाच वेळी मान डोलावली की काहीतरी गडबड होणार, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आणि काय सांगावं, आठवड्याभरात चमत्कार झाला. साडेनऊ वाजले की भिंगरी दूध पिऊन अंथरुणावर जाई, भिंतीकडे तोंड करी, आणि संपलं. पाणी नाही, मासे नाहीत, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी नंबरवाल्यांना वाटलं, मुलीला बरं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा विश्वास बसला. घरात कित्येक महिन्यांनी हसण्याचा आवाज आला, तोही दबका, मूल झोपलंय म्हणून. नवराबायकोंनी बसून गरम चहा प्यायला. आत्या जिन्यावरून पाय न वाजवता खाली यायची, दारातून झोपलेल्या भाचीकडे बघायची आणि पदरानं डोळे टिपून तशीच वर जायची. मधल्या काळात भिंगरीचं पोट दोनचार दिवस बिघडलं, पण त्याचा दोष शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्याला देऊन सगळे मोकळे झाले.

मग शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ती पूर्वी चुळबुळ करायची, आता बाकावर डोकं टेकून पेंगते. तिसऱ्या तासाला तर डोळेच उघडत नाहीत. लेखी काम निम्मं राहतं. असंच चाललं तर तिला याच वर्गात ठेवायचा विचार करावा लागेल."

आता साडेनऊला झोपणारी मुलगी दिवसा पेंगते कशी? रविवारी दुपारी तिघं मोठी माणसं या प्रश्नाभोवती बसली. भिंगरी आतल्या खोलीत चित्रं काढत होती.

"मी सांगते," बायको म्हणाली. "ती सकाळची गोळी. रात्रीची झोप आता नीट आहे, म्हणजे दोष दिवसाच्या गोळीचा. उद्यापासून बंद करू."

"मी तर पहिल्यापासून म्हणतेय," आत्या म्हणाली. "एवढ्याशा जिवाला कशाला त्या गोळ्या. झोप कशी आपसूक लागली की नाही? गोडीगुलाबीनं."

"आपसूक कुठं, मॅग्नेशियमनं लागली."

"मॅग्नेशियमनं कसली लागतेय. माझ्या अस्वलांनी लागली."

आत्याच्या लक्षात आलं की आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय.

"कुठली अस्वलं, ताई?" नंबरवाल्यांनी विचारलं.

अस्वलं निघाली मेलाटोनिनची. अस्वलाच्या आकाराच्या, लाल, चघळायच्या गोळ्या. तलावावरच्या एका आईनं मागवून दिल्या होत्या. आत्या संध्याकाळी भाचीला वर बोलवायची आणि खाऊ म्हणून एक द्यायची. "लेकरू तळमळायचं रे बाळ्या, मला वरून ऐकवायचं नाही," ती म्हणाली आणि रडू लागली. नंबरवाले बहिणीवर तोंडसुख घेणार, तेवढ्यात बायकोनं हळूच सांगितलं की पूड एक चमचा नव्हती, दोन चमचे होती. शीग भरून. "एका चमच्यानं काय होणार, असं वाटलं मला." पोट का बिघडलं होतं तेही त्याच क्षणी कळलं, बर्फाचा गोळा बिचारा निर्दोष सुटला.

आता खरं तर नंबरवाल्यांनी दोघींना फैलावर घ्यायचं. पण त्यांना तोंडच उरलं नव्हतं, कारण दुकानाच्या खणात, काचा पुसायच्या कापडांखाली, शांत झोपेच्या वनस्पतींचं एक गोड सरबत होतं. शेजारच्या औषधवाल्यानं "द्या हो, काही अपाय नाही" म्हणून दिलेलं. शाळा सुटल्यावर भिंगरी दुकानात येई तेव्हा ते तिला त्यातले दोन चमचे पाजत होते. एका वेळी एकच काच बदलणारा माणूस. त्यांनी मान खाली घालून ते सांगितलं. यावर बायको आणि बहीण, ज्या पाच मिनिटांपूर्वी एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्या दोघी एक होऊन त्यांच्यावर तुटून पडल्या.

हे सगळं ओसरल्यावर बायको पुन्हा मूळ मुद्द्यावर आली. "ते काही असो. सकाळची गोळी उद्यापासून बंद."

"नाही," नंबरवाले म्हणाले.

"अहो, पोर वर्गात मागं राहील."

"गोळी बंद केली तर नक्की राहील. विसरलीस ती आधी कशी होती? आपण तिघांनी मिळून सगळा चिखल केलाय आणि आता त्यातनं नेमकी एकच धड चाललेली गोष्ट उचलून फेकायला निघालोय. शेंडी तुटो की पारंबी, आधी खरं काय ते शोधणार. मग काय बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील."

ते एरवी घरात असं बोलत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि लाजलज्जा गुंडाळून ठेवून सगळं सांगितलं. निरोप आला, की वरचं सगळं आजपासून थांबवा, सकाळची गोळी आपल्या मनानं अजिबात बंद करू नका, आणि गुरुवारी सगळ्या बाटल्या घेऊन मुलीसकट या.

फोन ठेवला आणि नंबरवाल्यांच्या डोक्यात शून्य नंबरची काच आली. कुणाच्या औषधानं झोप लागली, यावर घरात लढाई चालली होती. आता काहीच दिलं नाही तर? त्यांनी बायकोला आणि बहिणीला एवढंच सांगितलं, की भिंगरीला काही कळू द्यायचं नाही. दूध त्याच पेल्यात, पण नुसतं. आत्याकडे खाऊ तसाच, पण बेकरीतली साधी लाल गोळी. दुकानात सरबत तेवढ्याच चमच्यांनी, पण साखरेच्या पाण्याचं. पोटच्या पोरीला फसवताना त्यांना बरं वाटलं नाही, पण त्यांनी ते केलं.

त्या रात्री भिंगरी नुसतं दूध प्यायली, भिंतीकडे तोंड केलं आणि साडेनऊला झोपली. नेहमीसारखी, मिनिटभरही इकडेतिकडे नाही.

"बघा, सवय लागली," बायको खुशीत कुजबुजली. "आता कशाचीच गरज नाही."

नंबरवाल्यांना मात्र ते पटेना. बिननंबरी काचेतून "वा, एकदम स्पष्ट" म्हणणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. ते उठले, मुलीच्या खोलीत गेले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. डोळे हा तर त्यांचा धंदाच. झोपलेल्या माणसाच्या पापण्या सैल असतात, नुसत्या टेकलेल्या. भिंगरीच्या पापण्या घट्ट दाबलेल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना बारीक थरथर होती. पांघरुणाखाली पायाची बोटं हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. ते बसून राहिले. बराच वेळ गेला तरी पापण्या सैल पडल्या नाहीत.

तिथल्या तिथं तिला हाक मारावी असं त्यांना वाटलं. पण चोरी पकडल्यासारखी ती दचकली असती. ते गुपचूप बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "ती जागी आहे. रोजच जागी असणार."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी दुकानात आली. तिला त्या उंच खुर्चीत बसायला फार आवडायचं, कारण ती गोल फिरायची. नंबरवाल्यांनी बाहेर "बंद आहे" अशी पाटी लावली, तिला खुर्चीत बसवलं, चौकट चढवली आणि एकेक काच घालत खेळ सुरू केला. मग शून्य नंबरची घातली.

"आता? आधीपेक्षा बरं?"

भिंगरीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "हो. खूप छान दिसतंय."

"यात काहीच नंबर नाहीये, बाळा. ही साधी काच आहे."

तिचा चेहरा पडला. "मग माझं उत्तर चुकलं?"

"चुकलं नाही. तू मला आवडेल ते सांगितलंस. सगळेच सांगतात." त्यांनी तिची चौकट काढून घेतली आणि समोरच्या स्टुलावर बसले. "रात्रीचं पण तसंच आहे का?"

ती खुर्ची थोडी उजवीकडे फिरवत राहिली, मग थोडी डावीकडे. नंबरवाले थांबले. चिवट माणूस, थांबणं त्यांना येत होतं.

"मी डोळे मिटले की तुम्ही सगळे हसता," ती शेवटी म्हणाली. "आई चहा पिते. आत्या रडत नाही. पूर्वी मी उठले की आई म्हणायची, पहाटे कसं उठू मी आता. आणि सगळ्यांनी मला काही काही दिलं, आणि सगळे म्हणाले कुणाला सांगू नको. मग त्याचा उपयोग नको का व्हायला?"

"मग रात्रभर करतेस काय तू?"

"पडून राहते. पाय ऐकत नाहीत पण. पायांना कुठं तरी जायचं असतं. आतून वळवळतं. हलवले की बरं वाटतं, पण हलवले तर तुम्हाला कळेल ना."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. पाणी प्यायला म्हणून मी चालायलाच उठायचे."

नंबरवाल्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मनुष्य आपल्या धंद्यात हुशार असून घरात किती गाढव असू शकतो, हे त्यांना त्या स्टुलावर बसून स्वच्छ दिसलं. इतकी वर्षं ती तहान तहान म्हणत होती आणि ते तिला पाणी देत होते. आणि तिला झोप लागावी म्हणून घराचं सगळं लक्ष एकवटलं, तेव्हा त्या लक्षाच्या ओझ्याखाली पोर अंधारात ताठ पडून राहायला शिकली होती. त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं की ती चुकली नाही, मोठी माणसं चुकली. भिंगरीला ते ऐकून फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं विचारलं, आता खुर्ची जोरात फिरवू का. त्यांनी हो म्हटलं.

गुरुवारी दवाखान्यात वरात गेली. बाप, आई, आत्या, मुलगी आणि बाटल्यांची पिशवी. डॉक्टरांनी एकेक बाटली टेबलावर ओळीनं मांडली आणि नुसतं बघितलं. रागावल्या असत्या तर तिघांना सोपं गेलं असतं.

"यातली झोप कुणी आणली, कुणी बिघडवली आणि शाळेतली पेंग कशामुळे आली, हे आता मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही अस्वलं खाऊ म्हणून पुन्हा कधीही नकोत. मुलीच्या हाती लागली तर ती सगळी बाटली फस्त करेल."

मग नंबरवाल्यांनी झोपेच्या सोंगाचं आणि पायांचं सांगितलं. डॉक्टर एकदम सावरून बसल्या. त्यांनी भिंगरीलाच विचारलं, पाय कधी वळवळतात, बसल्यावर की चालताना, हलवले की काय होतं. तिनं नीट उत्तरं दिली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. चार दिवसांनी कळलं की शरीरातला लोहाचा साठा बराच खाली आहे. त्या म्हणाल्या, पायांची अशी वळवळ असलेल्या मुलांमध्ये हे आढळतं, म्हणून आता लोहाचं सरबत, मोजून, एवढंच आणि हेच. काही महिने लागतील आणि पुन्हा रक्त तपासायचं. सकाळची गोळी चालू राहणार. शाळेला चिठ्ठी मिळाली, की तिला त्याच वर्गात ठेवण्याचा निर्णय वर्षाअखेरपर्यंत घेऊ नये.

"आणि ताई," डॉक्टर आत्याला म्हणाल्या, "तुम्हाला काही द्यायचंच असेल तर संध्याकाळी तिला घेऊन चालायला जा."

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात, ते त्या घरानं पुढं शब्दशः अनुभवलं. सरबताची चव गंजलेल्या खिळ्यासारखी होती आणि भिंगरी ते घेताना रोज नवं तोंड करायची. रात्री ती पुन्हा उघडपणे उठू लागली. पाय वळवळले की बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारायची आणि कुणी कपाळाला हात लावायचा नाही, असं नंबरवाल्यांनी ठरवून दिलं होतं. बायकोनं बेकरीच्या मालकाच्या खनपटीला बसून दुपारची पाळी मागून घेतली, त्याला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. आत्या रोज संध्याकाळी तलावावरून तशीच आली की भाचीला घेऊन मोठ्या रस्त्यानं पुलापर्यंत जायची. जाताना भिंगरी तिच्या पुढं असायची आणि येतानाही पुढंच. तलावावरच्या आयांनी नवा उपाय सांगितला की आत्या म्हणायची, "आमच्याकडे एका वेळी एकच चालतं," आणि खिडकीतून तिकीट पुढं सरकवायची. मोह तिघांनाही व्हायचा. एका वाईट आठवड्यात नंबरवाले औषधवाल्याच्या दारापर्यंत गेले होते. तिथून परत फिरले, ही त्या वर्षातली त्यांची सर्वांत मोठी कमाई.

काही महिन्यांनी पुन्हा दवाखान्याची तारीख आली. रक्ताचा आकडा वर सरकला होता. शाळेतून पेंगण्याची तक्रार कमी झाली होती. तिघं मोठी माणसं ओळीनं बसली होती आणि तिघांच्याही तोंडावर एकच उत्तर इतकं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की ते बिनचष्म्याचं कुणीही वाचलं असतं.

डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं, "काय गं, आता झोप लागते का?"

भिंगरीनं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून बापाच्या तोंडाकडे बघितलं.

नंबरवाले खुर्चीवरून उठले. खिडकीपाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता, ते त्याच्याकडेच बघत राहिले. मागं बायकोचा श्वास ऐकू येत होता.

"कधी कधी लागते," भिंगरी म्हणाली. "काल नाही लागली."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या, आणि विचारलं, "काल काय झालं, सांग बघू."

आणि ती सांगू लागली. थांबून, आठवून, कुणाकडेही न बघता. नंबरवाले तिचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत वळले नाहीत.